कापलेली रानवेल परत परत का फुटते? कोकणातल्या बागेसाठी लक्षणं, तपासण्या आणि कुठे थांबायचं ते

मे महिन्यात माणसं लावून बाग साफ करून घेतली आणि गणपतीला येऊन बघतो तर वेली पुन्हा काजूच्या शेंड्यावर. आमच्या राजापूर तालुक्यात हे गाऱ्हाणं दर भाद्रपदात ऐकू येतं. घर मुंबईला, बाग गावाला, वर्षाला दोन फेऱ्या आणि दोन्ही फेऱ्यांत त्याच वेलीवर मजुरी. गेली अठरा वर्षं मी आमची स्वतःची बाग आणि गावातल्या मुंबईकरांच्या चार बंद बागा बघतो. खालच्या अंगाला आंबा-काजू, वर किंजळ, ऐन, कुंभा यांचं जुनं रान, मध्ये जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत. दुखणं सगळीकडे एकच दिसतं, पण कारणं पाच-सहा वेगळी असतात. कारण न बघता कोयती चालवली की तेच काम पुढच्या वर्षी पुन्हा करावं लागतं.

म्हणून आधी लक्षणं सांगतो. मग तपासण्या, फुकटातल्या आधी आणि कंबर मोडणाऱ्या शेवटी.

लक्षणं

आपल्या बागेत यातलं काय दिसतंय ते आधी ठरवा. एकापेक्षा जास्त असू शकतं.

कापलेल्या एका खुंटातून चार-सहा नवे कोंब, पहिल्या वेलीपेक्षा जोमदार. याचा अर्थ मूळ किंवा कंद खाली शाबूत आहे.

बुंध्याशी सगळं कापलं, तरी महिन्यानंतर वरची पानं हिरवीगार. एखादं खोड सुटलंय, किंवा वेल शेजारच्या झाडावरून आलीय, किंवा ती गुळवेल आहे.

झाडावरून दोऱ्यासारखी बारीक मुळं सरळ खाली लोंबताहेत. ही बहुतेक वेळा गुळवेलीची खूण असते.

जिथे एक वेल होती तिथे पुढच्या पावसात वीस-पंचवीस रोपं. बी पडलंय, कारांदे (वेलीवर लटकणारे कंद) पडलेत किंवा वेलीचे तुकडे रुजलेत.

काजूला मोहोर फक्त शेंड्याला किंवा एकाच बाजूला, आतल्या फांद्या वाळलेल्या. काजू मोहोरतो तो उजेडातल्या टोकांना, आणि ती टोकंच वेलीखाली गेलेली असतात.

कोवळ्या कलमाच्या खोडावर पिळाची खाच, दोरीने आवळल्यासारखी. हे दिसलं तर बाकी सगळं सोडून आधी तिकडे जा, कारण ते कलम वर्ष-दोन वर्षांत त्या खाचेतून मोडतं.

आधी खात्री करा की ही वेलच आहे

याला पाच मिनिटं लागतात, पैसा लागत नाही. आंब्याच्या फांदीतूनच वेगळ्या, जाड पानांचा झुबका फुटलाय आणि त्याचा जमिनीशी काहीच संबंध नाही, असं असेल तर ते बांडगूळ आहे. फुलटोच्यासारखे छोटे पक्षी त्याची फळं खातात आणि चिकट बी फांदीवर पुसून जातात. त्याची मुळं फांदीच्या लाकडात घुसलेली असतात, त्यामुळे नुसता झुबका तोडला की ते पुन्हा फुटतं. फांदी बांडगुळाच्या गाठीखाली वीतभर अंतरावर कापावी लागते, आणि ते काम फळं धरायच्या आधी करायचं.

दुसरी अमरवेल. पिवळे, पानं नसलेले धागे कुंपणावर किंवा बोरीवर जाळं टाकतात. ती मातीतून उगवते, पण एकदा झाडाला चिकटली की तिचं मूळ सुकून जातं आणि ती त्या झाडाच्या रसावरच जगते. तिला बुंधा नसतोच, तर कापणार काय? ती ज्या फांदीवर आहे ती फांदीच काढावी लागते. ओढून तोडलेला तिचा एखादा तुकडा दुसऱ्या कुंपणावर पडला तर तिथेही चिकटतो, म्हणून ती गोणीत भरून कडक उन्हात पूर्ण वाळवा.

ही दोन्ही आपल्या रानवेली नव्हेत. पुढचे उपाय त्यांना लागू पडत नाहीत.

ओळख: कोणती ठेवायची, कोणती काढायची

यालाही पैसा लागत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो. गावातलं एखादं म्हातारं माणूस सोबत घेऊन बागेत चक्कर मारा. गुरांमागे रानात फिरलेल्या बायांना पानावरून वेल ओळखता येते. मला वेली शिकवल्या त्या आमच्या वाडीतल्या एका काकींनी, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "बाबू, आधी मिरी कुठली ते बघ, मग कोयती उचल."

कारण मी त्या दिवशी पोफळीवरची चढती वेल कापायला निघालो होतो. ती आजोबांनी लावलेली मिरी होती. मिरीला प्रत्येक पेराशी बारीक मुळं असतात, त्यांनी ती खोडाला चिकटते, आणि पान चुरगळलं की तिखट वास येतो. वाड्याजवळच्या माडापोफळींवर अशीच चिकटून चढणारी दुसरी वेल म्हणजे परसातून सुटलेला मनी प्लांट. वर चढला की त्याची पानं सुपाएवढी होतात. त्याला मिरीचा वास नसतो. तो काढायचा, मिरी ठेवायची.

हृदयाच्या आकाराच्या पानांच्या दोन वेलींत लोक नेहमी गोंधळतात. गुळवेलीच्या खोडावर कागदासारखी पातळ साल असते, नखाने सोलली की खाली हिरवं दिसतं, आणि खोड आडवं कापलं की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी असते. कारांद्याच्या पानावर देठापासून टोकापर्यंत कमानदार शिरा अगदी ठळक असतात आणि पावसाळ्याच्या शेवटी पानांच्या बगलेत बटाट्यासारखे कारांदे लटकतात. गुळवेल बारमाही आहे. कारांदा हिवाळ्यात वर पूर्ण वाळतो आणि खाली कंदात जिवंत राहतो. दोघींचा इलाज एकदम वेगळा आहे.

तीन-तीन पानांची, पावट्यासारखी दिसणारी वेल पावसात भराभर चढत असेल आणि पावसानंतर जांभळ्या फुलांचे घोस लोंबत असतील तर ती खाजकुयली. तीनच पानं, पण पळसासारखी मोठी, आणि खोड मनगटाएवढं लाकडी असेल तर पळसवेल. काटेरी, टणक, चकचकीत पानांची घोटवेल. उलट्या काट्यांनी कपड्याला धरून ठेवणारी चिल्हार किंवा शिकेकाई.

उक्षीबद्दल मला थोडं सांगायचंय. ती अर्धी झुडूप, अर्धी वेल. उन्हाळ्यात फिकट हिरव्या फुलांनी भरते, तेव्हा मधमाश्या आणि फुलपाखरं तिच्यावर तुटून पडतात. जाड खोडात ती पाणी साठवते आणि रानात फिरणाऱ्या माणसांनी ते पाणी पिऊन तहान भागवलेली आहे. गडग्याकडेला, वहाळाच्या (ओढ्याच्या) काठाला ती असू द्या. कलमावर चढलेली फांदी तेवढी काढा. तसंच गारंबीचं. हातभर लांब चपट्या शेंगांची जुनी गारंबी देवराईत किंवा वरच्या रानात असेल तर तिला हात लावू नये. ती आपल्या आजोबांपेक्षा जुनी असू शकते, आणि वानर-शेकरूंचा वावर तिच्यावरून चालतो. बाग साफ करायची म्हणजे रान बोडकं करायचं नाही.

झाडाला हाताने प्रदक्षिणा घाला

"खाली कापली पण वर हिरवी" या तक्रारीत दहापैकी सहा-सात वेळा एक खोड सुटलेलं असतं. डोळ्यांनी ते दिसत नाही. बुंध्याशी पालापाचोळा साचलेला, त्यात करंगळीएवढं एखादं खोड सालीच्या रंगाचं होऊन चिकटलेलं. म्हणून जाड हातमोजे घाला, काठीने पाला बाजूला करा, आत फुरसं (छोटा विषारी साप) बसलेलं नाही ना ते बघा, आणि मग गुडघ्याच्या उंचीवर हात खोडाला लावून पूर्ण फेरी मारा. जे जे बोटांना लागेल ते मोजा. कापलेल्या प्रत्येक खोडाजवळ झाडावर चुन्याचा ठिपका द्या.

पंधरा दिवसांनी परत या आणि वर बघा. कुठला भाग मलूल झालाय, कुठला ताजा? ताज्या भागापासून नजर मागे मागे न्या. अनेकदा ती वेल वरच्या वर शेजारच्या किंजळीवरून आलेली सापडते आणि तिचं मूळ गडग्याच्या पलीकडे असतं. पलीकडची जागा दुसऱ्याची असेल तर आधी विचारा. मी विचारायला गेलो तेव्हा ते शेजारी स्वतः कोयती घेऊन आले. त्यांच्याही काजूला तोच त्रास होता.

कापायची रीत: खाली एक, वर एक

कोयतीला धार हवी, बाकी खर्च नाही. वेल जमिनीपासून वीतभर उंचीवर कापा आणि दुसरा काप छातीच्या उंचीवर घ्या. मधला तुकडा काढून टाका. एकाच ठिकाणी काप दिला तर दोन्ही टोकं एकमेकांजवळ राहतात, खालचा कोंब जुन्या वाळक्या वेलीचाच आधार घेऊन आठ दिवसांत वर जातो. मध्ये हातभर मोकळी जागा असली की त्याला चढायला काही नसतं, आणि पुढच्या फेरीत लांबून एका नजरेत कळतं की या झाडाचं काम झालंय.

खोडाला घट्ट बसलेली वेल कोयतीने तोडताना झाडाची साल सोलू नका. आंब्याच्या सालीला जखम झाली की तिथून खोडकिडा शिरायला वाट मिळते. अशा ठिकाणी करवत किंवा छाटणीची कात्री बरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरची वेल ओढायची नाही. ती तिथेच वाळू द्यायची. सहा-आठ महिन्यांत पानं गळतात, पुढच्या पावसात देठ कुजतात आणि वाऱ्याने तुकडे आपोआप पडतात. मी पहिल्याच वर्षी एका पळसवेलीला दोर बांधून दोघांनी मिळून ओढली होती. वेल आली नाही. तिच्यात अडकलेली ऐनाची मांडीएवढी वाळकी फांदी आली, आणि ती माझ्या डोक्यापासून एका हातावर, सोबतच्या मुलाच्या खांद्याला घासून पडली. त्याचं हाड वाचलं, पण तो खांदा तीन आठवडे उचलत नव्हता. वेलीने झाकलेल्या झाडात वाळक्या फांद्या वेलीच्याच आधाराने अडकून राहिलेल्या असतात आणि खालून त्या दिसत नाहीत. त्या दिवसानंतर आमच्याकडे कुणीही वेल ओढत नाही.

एक अपवाद. कोवळ्या कलमाला पीळ घातलेली वेल मात्र लगेच, हळुवार उलगडून काढायची. ती मेली तरी तिचा फास आवळलेलाच राहतो आणि आतलं खोड जाड होत जातं.

कधी कापली होती ते आठवा

मुंबईकरांच्या बागांतली खरी मेख इथे आहे. मे महिन्यात लाकडी वेलींची सगळी साठवण मुळात असते. वरचं कापलं तर वेलीचं फारसं काही जात नाही. जूनमध्ये पाऊस पडला की ती साठवण घेऊन जोरात फुटते आणि भाद्रपदापर्यंत शेंड्याला पोचते.

मी आता असं करतो. मे महिन्यात हवं तर मोठी खोडं कापून घ्या, कारण तेव्हा आत शिरायला वाट असते. पण जूनच्या अखेरीला किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, नवे कोंब गुडघ्याएवढे झाले आणि पानं पूर्ण उघडली की पुन्हा कापा. त्या वेळी मुळातली साठवण कोंबांवर खर्च झालेली असते आणि पानांनी ती अजून परत भरलेली नसते. तिसरी फेरी गणपतीच्या सुमारास. असं सलग दोन वर्षं केलं की बहुतेक पळसवेली आणि उक्षीच्या नकोशा फांद्या थकतात. जुलैची फेरी लहान असते. मे महिन्यात ज्या कामाला चार माणसं दोन दिवस लागतात, तिथे जुलैत एक माणूस अर्ध्या दिवसात कोंब कापून मोकळा होतो. गावातल्या ज्या कुणाला बाग सांगून ठेवलीय त्याला नेमकी ही फेरी सांगा आणि तिचे पैसे आधी द्या.

गुळवेल असेल तर सगळं वेगळं

गुळवेलीला संस्कृतात अमृता म्हणतात, आणि ते नाव किती खरं आहे हे बागेत कळतं. तिचं खोड जमिनीपासून तोडलं तरी वर लटकलेली वेल मरत नाही. खोडातल्या ओलाव्यावर ती आठवडेच्या आठवडे तग धरते आणि वरून दोरे सोडते. मी एकदा एका दोऱ्याला खूण बांधून बघितलं. पावसाळ्यात तो दिवसागणिक खाली येत होता. सुतळीपेक्षा बारीक, टोकाला पांढरट, बाकी हिरवट-तपकिरी. तीन-साडेतीन आठवड्यांत तो पालापाचोळ्याला टेकला. पुढच्या आठवड्यात हलकेच ओढून बघितला तर मातीला धरलेला. मग तोच दोरा जाड होत जातो आणि नवं खोड बनतो.

म्हणजे गुळवेल कापल्यावर पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्या झाडाखाली जायचं आणि हाताला येतील ते सगळे दोरे डोक्याच्या उंचीवर कात्रीने छाटायचे. दसऱ्यापर्यंत जमिनीला एकही दोरा टेकू दिला नाही तर वरची वेल कोरड्या दिवसांत हळूहळू सुकते. कधी एक उन्हाळा लागतो, कधी दोन.

कापलेले तुकडे तिथेच टाकू नका. बोटभर तुकडासुद्धा ओल्या मातीत रुजतो. एका जुलैमध्ये वेळ वाचवायला मी गुळवेलीच्या जाळीवर सरळ ग्रास कटर फिरवला. पुढच्या पावसाळ्यात त्या पट्ट्यात पावलापावलावर गुळवेलीचं रोप होतं आणि ते उपटायला दोन हंगाम गेले. तुकडे गोळा करून कातळावर उन्हात टाकायचे. गावात काढ्यासाठी गुळवेल लागते, कुणाला हवी असेल तर द्या. कडुनिंबावरची एखादी वेल आम्ही मुद्दाम राखलीय.

खाजकुयली: वेळ चुकवू नका

खाजकुयली मारायला सोपी आणि चुकली तर भयंकर आहे. ती बहुतेक ठिकाणी बियांपासूनच दरवर्षी नव्याने येते, म्हणून फुलं येण्याआधी बुंध्याशी कापली किंवा उपटली की त्या वर्षीचं काम संपलं. गणपतीची सुट्टी यासाठी अगदी योग्य आहे. मुंबईहून आलेली सगळी मंडळी एका सकाळी बागेतून फिरली तर तेवढ्यात होतं. बी मातीत काही वर्षं टिकतं, त्यामुळे हा नेम तीन-चार वर्षं चुकवू नका.

दिवाळीनंतर शेंगांवर सोनेरी-तपकिरी लव दिसायला लागली की हात लावायचा नाही. ही लव वाऱ्यावर उडते. कातडीत रुतते आणि तिच्यातल्या म्युक्युनेन नावाच्या विकरामुळे आग होते. ग्रास कटर तर अजिबात नको, तो सगळी लव तोंडावर उडवतो. अंगाला लागलीच तर चोळू नका, चोळल्याने ती आणखी रुतते. चिकटपट्टी लावून उचलून काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा, कपडे वेगळे धुवा. डोळ्यांत गेली तर भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे. आमच्याकडे शेण लावायची रीत आहे, पण खाजवून जखम झालेल्या कातडीवर शेण लावू नये.

कंद खणणं

इथून पुढे मेहनत. घोटवेल आणि कारांदा यांना वरून कितीही कापा, खालचा कंद पुन्हा कोंब देतो.

कारांद्याचं सोपं आहे. नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडायला लागली की वेल अजून दिसत असतानाच तिचा माग काढत मुळाशी जा आणि कंद कुदळीने उचला. त्याआधी वर लटकलेले कारांदे गोळा करा, कारण खाली पडलेला प्रत्येक कारांदा म्हणजे पुढच्या जूनमधली एक वेल. रानटी कारांदा कडू आणि बाधणारा असतो. परसातल्या लावलेल्या गोड कारांद्यासारखा तो उकडून खायला घेऊ नका.

घोटवेल जास्त त्रास देते. तिचा कंद आल्यासारखा पसरतो, पण लाकडी आणि गाठीगाठीचा. जांभ्याच्या मातीत तो उन्हाळ्यात पहारीलाही दाद देत नाही. पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले की माती मऊ पडते, तेव्हा काढा. एका जागी गुडघाभर खणून मी एकदा घमेलंभर गाठी काढल्या आणि तरी पुढच्या वर्षी कडेला दोन कोंब आले. ते कोवळे असतानाच निघाले, मग जागा शांत झाली.

दोन ठिकाणी खणायचं नाही. एक, गडग्याच्या पायात. दगड हलला की पहिल्याच मोठ्या पावसात गडगा कोसळतो. तिथे वेल वर्षातून तीनदा कापत राहणं एवढंच हातात आहे. दुसरं, तीव्र उतारावर. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उकरलेली माती एका रात्रीत वहाळात जाते आणि ती परत येत नाही.

एवढं करूनही येत असेल तर उजेड बघा

मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या वरच्या रानातले दोन ऐन आडवे झाले. वर आभाळाची खिडकी उघडली, आणि दोन पावसाळ्यांत त्या खिडकीखाली वेली, घाणेरी आणि रानमोडी यांचं छप्पर तयार झालं. मी ते तीनदा कापलं. चौथ्यांदा कापलं तेव्हा शेजारी आपोआप आलेली किंजळीची आणि कुंभ्याची रोपं खुंट्या ठोकून राखली, त्यांच्याभोवतीच्याच वेली काढत राहिलो. आज त्यांची सावली डोक्यावर आली आहे आणि खालची वेल पिवळी, लांबुडकी, दमलेली दिसते. बहुतेक रानवेलींना उजेड लागतो. तुम्ही जितकं उघडं कराल तितक्या त्या येतील. पालापाचोळा जाळू नका, तो जमिनीवर जाड राहू द्या. आगीने झाडांची कोवळी रोपं मरतात आणि मोकळ्या राखेवर रानमोडी आधी उगवते. वणवा शेजारच्या बागेत गेला तर काय होतं ते कोकणात कुणाला सांगायला नको.

तणनाशकाबद्दल

मला दरवर्षी विचारतात, म्हणून लिहितो. झाडावर चढलेल्या वेलीवर फवारा मारू नका. थेंब आंब्याच्या-काजूच्या पानांवर आणि कोवळ्या हिरव्या सालीवर पडतात आणि झाडही ते शोषून घेतं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घालणारा आदेश काढला, त्यात ते प्रशिक्षित कीडनियंत्रण करणाऱ्यांकडूनच वापरावं असं म्हटलं आहे. पॅराक्वाट तर पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. ते घरात आणून ठेवूच नका. खुंटावर औषध लावायची खरंच गरज आहे असं वाटलं तर तालुका कृषी कार्यालयात किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रात वेलीची फांदी घेऊन जा आणि विचारा. विहिरीच्या आणि वहाळाच्या काठाला तोही विचार नको.

इथे थांबा, जाणत्या माणसाला बोलवा

वेल विजेच्या तारेपर्यंत किंवा खांबावर गेली असेल तर खालूनही कापू नका. ओली वेल वीज वाहून नेते आणि कापलेलं टोक झोका घेऊन तारेवर जाऊ शकतं. महावितरणच्या कार्यालयात कळवा, ते पुरवठा बंद करून काम करतात. तोपर्यंत झाडाला हात लावायचा नाही.

मांडीएवढी वेल दोन-तीन झाडांना एकत्र बांधून बसली असेल आणि त्यातलं एखादं झाड वाळलेलं, पोकळ किंवा कललेलं असेल तर कोयती खाली ठेवा. ते झाड कदाचित त्या वेलीच्याच आधाराने उभं असतं. कापल्यावर ते कुठल्या बाजूला येईल हे आपल्याला सांगता येत नाही. दोर लावून टप्प्याटप्प्याने उतरवणारी अनुभवी माणसं बोलवा. ती दिवसाचे जास्त पैसे घेतात आणि ते योग्य आहे.

शिडीवरून हात पोचत नाही तिथे चढू नका, पावसात तर नाहीच. शेवाळलेल्या सालीवरून पाय सटकतो.

आत आग्या मोहोळ किंवा गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं तर मागे फिरा. बिबव्याच्या झाडावर वेल असेल तर त्याचा चीक अंगावर उडून फोड येतात, ते काम माहीतगारालाच द्या. आणि साप चावला तर दोरी आवळणं, जखम कापणं, मांत्रिक यात वेळ न घालवता माणसाला न चालवता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालयात न्या. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी भरपूर आहेत आणि ती नेमकी अशा पाल्यात, दगडाआड असतात. गमबूट घातल्याशिवाय वेलीच्या कामाला आम्ही कुणाला आत सोडत नाही.

वेलीसोबत झाडही तोडावं लागणार असेल तर आधी परवानगीचं बघा. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याखाली खाजगी जमिनीतल्या ठरावीक झाडांनाही परवानगी लागते. सातबाऱ्यावर वनाची काही नोंद असेल तर वन विभागाच्या कार्यालयात विचारल्याशिवाय काहीच करू नका. देवराईची हद्द लागून असेल तर गावाला विचारा, गुरवाला विचारा.

यंदा गणपतीला येणार असाल तर हातमोजे, छाटणीची कात्री आणि चुन्याची पुडी सोबत आणा. पहिल्या दिवशी खाजकुयली, दुसऱ्या दिवशी कलमांवरचे फास. बाकीचं पुढच्या वर्षीच्या जुलैच्या फेरीवर सोडा.